बिळातला बेडूक आणि आईचा घास

ताई,

आई जेवत नाही. बाकीचं नंतर सांगते, हे आधी.

तू जाऊन अजून महिनाही झालेला नाही. सकाळचं दूध ती घेते, कारण ते पेल्यात असतं आणि पेला तिला स्वतःला धरता येतो. चमच्याने जे काही द्यावं लागतं, त्याला मात्र ती ओठ घट्ट मिटते आणि मान भिंतीकडे फिरवते. डॉक्टर येऊन गेले. त्यांनी तिच्या मनगटावरची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि दारात चपला घालता घालता हळूच म्हणाले, "थोडी वाट बघू. पण वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. तुम्ही मनाची तयारी ठेवा."

बाबांना नळी घातली होती तेव्हा ते ती उपसून काढत म्हणून त्यांचे हात पलंगाच्या कठड्याला बांधले होते. आईने ते पाहिलं होतं. तेव्हा तिची आठवण शाबूत होती. परतताना रिक्षात तिने तुझा हात धरला आणि म्हणाली, "माका असा बांधून ठेवू नको गो, शैले." तू म्हणालीस, "नाय ठेवूचंय." मी त्याच रिक्षात होते, पण शब्द तू दिलास. आता तुझ्या चष्म्यासारखा आणि तुझ्या किल्ल्यांसारखा तोही माझ्याकडे आला आहे, आणि त्याचं काय करायचं हे मला कळत नाही.

आईला तू गेलीस हे सांगितलेलं नाही. "शैला खंय गेली?" असं ती विचारते तेव्हा मी म्हणते, "प्रॅक्टिकलची परीक्षा घ्यायला गेलीय, नाशिकला." तू खरंच दरवर्षी जायचीस, त्यामुळे हे खोटं जवळजवळ खऱ्यासारखं तोंडातून निघतं. ती म्हणते, "पास कर म्हणा सगळ्यांका." आणि तासाभराने पुन्हा विचारते.

यामुळे घरात तुझ्यासाठी काहीच करता येत नाही. तुझा फोटो लावता येत नाही. दिवा लावता येत नाही. तुझे दिवस मावसभावाने डोंबिवलीला त्याच्या घरी केले. मी तिथे तासभर बसले आणि आईसाठी परत पळाले. भेटायला येणाऱ्यांना आधी फोन करायला सांगते, मग समोरच्या मीनाक्षीवहिनींना आईजवळ बसवते, दाराला बाहेरून कडी घालते आणि खाली उतरते. सोसायटीच्या ऑफिसबाहेर जो सिमेंटचा बाक आहे, तिथे तुझी माणसं मला भेटतात. तुझ्या कॉलेजातल्या शिक्षिका येऊन गेल्या, दोन-तीन जुन्या विद्यार्थिनीही आल्या. त्या माझ्या खांद्यावर हात ठेवतात आणि शेजारी स्कूटर सुरू होते. रडायला म्हणून ती जागा चांगली नाही. मग खालच्या नळावर तोंड धुते, वर येते, कडी काढते आणि आत जाते. आई विचारते, "खंय गेललंस?" मी म्हणते, "कचरा टाकायला."

तू असतीस तर हसली असतीस. आधी हसली असतीस आणि मग म्हणाली असतीस, "नंदे, निदान भाजी आणायला तरी म्हण."

आई ज्या युक्तीने तुझ्या हातून जेवायची, तिच्याकडे येते.

अंधेरीच्या त्या केटरिंग कॉलेजात तू जन्मभर पाश्चात्त्य स्वयंपाक शिकवलास. त्यातला फ्रेंच भाग ऐटीचा, इटालियन भाग मुलांच्या आवडीचा, आणि कोणालाच नको असलेला इंग्रजी भाग तुझ्या वाट्याला. तू इंग्लंड कधी पाहिलं नाहीस. मात्र तिथल्या प्रत्येक परगण्यात रविवारी काय शिजतं, ते तुला ठाऊक होतं. निवृत्त झाल्यावर हे ज्ञान मुलुंडच्या एका स्वयंपाकघरात कोणाच्या उपयोगी पडणार, असं आपल्याला वाटत होतं. मग आईने कवळी लावणं सोडलं. एकदा तिने ती उशीच्या अभ्र्यात लपवली, एकदा खिडकीच्या जाळीतून खाली टाकली, आणि तिसऱ्यांदा तू म्हणालीस, "राहू दे. इंग्रजांचा सगळा स्वयंपाक बोळक्या तोंडांसाठीच आहे. उकडा, कुसकरा, वाफवा, वर पांढरं काहीतरी ओता. आईसाठीच लिहिलेला सिलॅबस आहे हा."

पण मऊ केलं तरी ती तोंड उघडत नव्हती. भात-आमटी कुसकरून दिली तरी तिला ते लहान मुलाचं खाणं वाटे आणि अपमान होई. तेव्हा एका दुपारी तू तिच्यासमोर वाटी घेऊन बसलीस आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, "आये, आज बिळातलो बेडूक केलंय."

"बेडूक?" आई ताठ झाली. "शी शी शी! माका नको! मेल्यांनी बेडूक खा..."

त्या 'खा'वर तोंड उघडं होतं. चमचा आत गेला. आई थांबली, जिभेवर घोळवून तिने चव घेतली आणि संशयाने म्हणाली, "बेडूक असो लागता?"

तो टोड इन द होल होता. अंड्या-मैद्याच्या पातळ पिठात सॉसेज घालून भट्टीत फुगवतात तो. सॉसेज तू आधीच बारीक केलं होतंस. बेडकाचा त्याच्याशी काही संबंध नाही. फुगलेल्या पिठातून सॉसेजची टोकं डोकावतात, एवढंच. पण तू हे सांगितलं नाहीस. तू म्हणालीस, "असोच लागता. परत बघ." आणि ती पुन्हा बोलायला गेली आणि पुन्हा चमचा आत गेला.

तिथून पुढे आपल्या घरी इंग्लंडातली सगळी विचित्र नावं जेवायला येऊ लागली. कोबी आणि उरलेला बटाटा एकत्र परतून तू 'बुडबुड आणि चींचीं' करायचीस. आई विचारायची, "चींचीं करता तो उंदीर खंय?" मनुका घालून वाफवलेलं ते पुडिंग, ज्याचं चावट अर्थाचं इंग्रजी नाव फळ्यावर लिहिलं की तुझा आख्खा वर्ग खिदळायचा आणि तू खडू खाली ठेवून शांतपणे वाट बघायचीस, त्याला तू 'ठिपकेवालो दिगू' केलंस. आपल्या मामाचं नाव दिगू. आई खरोखर घाबरली. "आमचो दिगू? तेका कित्याक शिजवलंस?" तू म्हणालीस, "तोच म्हणालो, माझ्या बहिणीक भूक लागली आसा." आणि आई रडकुंडीला आली आणि हसली आणि जेवली.

सगळ्यांत मोठा दिवस होता तो माशांच्या 'पाय'चा, म्हणजे पिठाच्या पापुद्र्याखाली भाजलेल्या माशांचा. कॉर्नवॉल नावाच्या किनाऱ्यावर आपल्या पेडव्यांसारखेच मासे घालून हा पदार्थ करतात आणि त्यांची डोकी वरच्या पापुद्र्यातून बाहेर काढून ठेवतात, आकाशाकडे बघणारी. तू बाजारातून पेडवे आणलेस, संध्याकाळभर काटे काढत बसलीस, आणि डोकी वर काढलेला तो पदार्थ टेबलावर ठेवलास. आई कितीतरी वेळ बघत राहिली.

"ह्ये वर कित्याक बघतत?"

"तारे मोजतत."

"मेल्यावर?" आई म्हणाली. "जिते असताना येळ नाय गावलो?"

त्या दिवशी चमच्याला तिला फसवावं लागलं नाही. तिने स्वतः हाताने खाल्लं.

मला हे आवडत नव्हतं, हे तुला माहीत होतं. जेवत होती ते आवडत होतं, रीत आवडत नव्हती. मी दिवसभर मुद्रितं तपासणारी बाई. शब्दाचा अर्थ नीट लागला नाही तर पुढच्या ओळीवर जाता येत नाही मला. एकदा तू बँकेत गेली होतीस आणि आई माझ्याकडे होती. मी तिला समजावलं, "आई, यात बेडूक नसतो. ते फक्त नाव आहे." आईने माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, म्हणाली, "मगे काय आसा?" मी म्हटलं, "पीठ आणि अंडं." तिने तोंड मिटलं. तू परत आलीस तेव्हा वाटी तशीच होती.

"काय सांगितलंस तिला?"

"खरं ते."

"खरं ते मेन्यू कार्डावर लिहितात गं," तू म्हणालीस. "इथे मला ती जेवायला हवी."

"पण तू तिला रोज वेडं बनवतेस."

"वेडी ती झालीच आहे. मी तिला सोबत करतेय."

तू पुढे गेलीस, भांडी घासायला. आपली भांडणं अशीच थांबायची, संपायची नाहीत. तू मोठ्याने बोलून मोकळी व्हायचीस आणि मी खोलीत जाऊन माझं उत्तर मनातल्या मनात नीट करत बसायची. ते तयार होईपर्यंत तू दुसऱ्याच गोष्टीवर असायचीस.

याच्याही आधीचं एक असंच राहिलं आहे. बाबा गेल्यानंतर आई त्यांच्याबद्दल विचारायची आणि मी सांगायची की ते गेले. मला वाटे, एवढा मान आपण तिला द्यायलाच हवा. ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी कोसळायची. पदर तोंडात कोंबायची. तासाभराने पुन्हा, "ह्ये खंय गेले?" आणि मी पुन्हा सांगायची. एक दिवस तू माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात ओढलंस आणि दात आवळून म्हणालीस, "माणूस एकदा मरतो, नंदा. तू त्यांना रोज मारतेस. आणि तिला रोज विधवा करतेस. बंद कर." मी बंद केलं. पण पटलं नव्हतं, आणि तुला कळलं होतं की पटलेलं नाही.

परवा मीनाक्षीवहिनी म्हणाल्या, "किती दिवस लपवणार गं तू? सांगून टाक ना एकदा. रडेल, मोकळी होईल."

"ती विसरेल वहिनी. परत विचारेल."

"मग परत सांग! आई आहे ती. तिला हक्क नाही का?"

ताई, अगदी माझंच बोलणं होतं ते. शब्दही माझेच. आणि मी त्यांना म्हणाले, "माणूस एकदाच मरतो हो." एवढ्या वर्षांचं आपलं भांडण असं सुटलं. तू जिंकलीस. हे तुला सांगायचं राहिलं असं म्हणण्यातही अर्थ नाही. तू असतीस तर मी हे कधी मान्य केलंच नसतं.

मग मी तू पदार्थांना दिलेली नावं घ्यायला सुरुवात केली.

भट्टीपासून सुरुवात केली, तोच मूर्खपणा झाला. तुझा ओव्हन, तुझा चौकोनी पत्र्याचा साचा. तेल धुरावेपर्यंत तापवायचं, मग थंड पीठ ओतायचं, आणि फुगेपर्यंत दार उघडायचं नाही, हे तू विद्यार्थ्यांना फोनवरूनही ओरडून सांगायचीस. मी तेल तापवलं, पीठ ओतलं आणि ओव्हनच्या काचेसमोर स्टूल घेऊन बसले. कडांनी पीठ चढू लागलं. आतून आई हाका मारत होती. घराला आतून कडी, खिडक्यांना जाळ्या, समोर तापलेली काच, आणि मागून "शैले, गो शैले". मला एकदम असं वाटलं की या घरात काहीतरी उघडलंच पाहिजे. मी ओव्हनचं दार उघडलं. पीठ माझ्या डोळ्यांसमोर खाली बसलं, चामड्यासारखं. तेच कुसकरून, दुधात भिजवून आईकडे नेलं.

"आई, आज बिळातला बेडूक आहे."

तिने मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी बटाटा-कोबी. "आई, बुडबुड आणि चींचीं." मान भिंतीकडे. त्यानंतर दिगू. मामाचं नाव घेतल्यावर तिच्या डोळ्यांत जरा हललं, पण ओठ नाहीत. माझ्या तोंडी ती नावं म्हणजे वर्गात शिक्षिकेने मोठ्याने वाचून दाखवलेला विनोद होता. मी त्यांचा उच्चार बरोबर करत होते, एवढंच. तू तिच्याशी मालवणीत बोलायचीस, मी शाळेत शिकलेल्या मराठीत. तू बोलताना तुझा हात तिच्या गुडघ्यावर असायचा. मी वाटी दोन्ही हातांनी धरून होते, परीक्षेला बसल्यासारखी.

आणि दर वेळी ती मला विचारी, "शैला खंय?" आणि दर वेळी मी म्हणे, "आई, मी नंदा. शैला नाशिकला."

आज दुपारी डॉक्टरांचा फोन आला. म्हणाले, आज रात्रीपर्यंत काही पोटात गेलं नाही तर सकाळी दाखल करू, तिथेच नळी घालतील. मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. माझ्याच्याने होईल असं एकच उरलं होतं. पाव दुधा-अंड्यात बुडवून तुपावर परतायचा आणि वर साखर. आपण लहानपणी खायचो तेच. इंग्रज त्याला विंडसरचे गरीब सरदार म्हणतात, हे तूच एकदा सांगितलं होतंस. मी ते परतलं, दुधात पुन्हा मऊ केलं आणि आईजवळ गेले. ती पलंगाच्या कडेला बसली होती. ऊन तिच्या पावलांवर होतं.

"शैले," ती म्हणाली. "इलंस?"

माझ्या तोंडाशी आलं होतं, आई, मी नंदा. रोजचंच वाक्य. ते तिथेच थांबलं. मी खाली बसले, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"इलंय गो आये."

माझा आवाज मला ओळखू आला नाही. तिला आला. तिचा चेहरा असा सैलावला की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं.

"इतके दिस खंय होतंस?"

"परीक्षेक गेललंय. आणि वाटेत सरदार गावले. विंडसरचे गरीब सरदार. तेंका घेऊन इलंय."

"सरदार?" आई म्हणाली. "आणि गरीब? सरदार खयचे गरी..."

चमचा आत गेला.

तिने गिळलं. मी घसा हलताना पाहिला. पुन्हा विचारलं तिने, घोडे खंय आसत सरदारांचे, आणि पुन्हा चमचा गेला. मी म्हटलं, घोडे खाली पार्किंगात बांधलेत, वॉचमन ओरडता हा. ती हसली. हे मी कुठून काढलं, मला माहीत नाही. हे माझं नाही. मी असं काही कधी बोललेली नाही.

वाटी अर्धी झाली तेव्हा तिने माझा हात थांबवला.

"तुझी बहीण खंय आसा?"

मी म्हटलं, "कामाक गेली."

"हल्ली येना नाय गो ती. माझ्यार रागावली काय?"

"नाय गो आये. कित्याक रागवात?"

"ती बोलायची नाय," आई म्हणाली. "पण हयसर बसान ऱ्हवायची. कागद चाळत. आवाज येय कागदांचो. माका बरा वाटायचा."

ताई, मी चोवीस तास तिच्या पलंगाजवळच्या खुर्चीत असते. कागद घेऊन. आजही होते, फोन यायच्या आधी. तू असताना तिने माझ्याबद्दल तुला असं काही म्हटलं होतं का? म्हटलं असणार. तू मला सांगितलं नाहीस. मीही कधी विचारलं नाही, कारण मला वाटे तिचं सगळं बोलणं तुझ्यापाशीच असतं आणि ते तुझ्याबद्दलच असतं. आता ती माझी वाट बघते आहे हे मला कळलं, ते तू होऊन. मी म्हणून तिच्यासमोर गेले की ती तोंड फिरवते.

मला सांगावंसं वाटलं. आई, ही काय मी, इथेच. नुसतं एवढंच. पण वाटी अर्धीच झाली होती आणि तिचं तोंड माझ्याकडे होतं. मी नंदा झाले असते तर ते पुन्हा भिंतीकडे गेलं असतं, आणि सकाळी तिचे हात कुणीतरी बांधले असते.

म्हणजे या घरात आता तू आहेस. तुला कोणी रडणार नाही, कारण तू रोज दुपारी जेवण घेऊन येणार आहेस. आणि जी तुला रडली असती, ती कामाला गेलेली आहे. ती कधी येईल ते मला सांगता येत नाही. मी फक्त इतकं बघितलं की आई अजून बोलत होती आणि चमच्यात सरदार होते.

"तिका सांग," आई म्हणाली, "येऊन बस म्हणान. काय बोलू नको म्हणा. नुसती बस म्हणा."

"सांगतंय."

"उद्या येतली मा?"

"येतली," मी म्हटलं, आणि आईने तोंड उघडलं.